अकरा दिवसांचा बाजार

बाजारास जाणें ही कांहीं इतिहासांत नोंदविण्याजोगी घटना नव्हे. घरांतलें पीठ, तेल, साखर संपली म्हणजे माणूस पिशवी घेऊन निघतो, चार दुकानें हिंडतो, थोडी घासाघीस करतो, आणि माल घरीं येऊन पडला कीं त्या फेरीची आठवणहि राहत नाहीं. परंतु इ. स. २००८ च्या जानेवारी महिन्यांत भूमध्य समुद्राच्या आग्नेय कोपऱ्यावरील एका चिंचोळ्या प्रदेशांतले लाखों लोक एका सकाळीं बाजारास निघाले, आणि त्यांच्या त्या बाजारहाटाची वार्ता देशोदेशींच्या वृत्तपत्रांनीं पहिल्या पानावर छापली. कारण या लोकांच्या वाटेंत एक भिंत होती. ती आधीं कोसळावी लागली. आणि भिंतीपलीकडचा तो बाजार दुसऱ्या देशांत होता.

हा प्रदेश म्हणजे पॅलेस्टाईनमधील गाझाची पट्टी. लांबी सुमारें ४१ किलोमीटर आणि एकूण क्षेत्रफळ ३६५ चौरस किलोमीटर. एवढ्याशा भूमीवर त्या वेळीं पंधरा लाखांच्या आसपास लोक राहत होते, आणि त्यांतील बहुसंख्य १९४८ च्या युद्धांत आपापलीं गांवें सोडून आलेल्या निर्वासितांचीं कुटुंबें होतीं. पश्चिमेस समुद्र, उत्तरेस व पूर्वेस इस्रायल, आणि दक्षिणेस इजिप्तशीं भिडणारी जेमतेम बारा-तेरा किलोमीटरची सरहद्द. या सरहद्दीवर रफा हें शहर वसलें होतें. आणि वसलें होतें तेंहि असें कीं, अर्धें शहर या देशांत आणि अर्धें त्या देशांत.

रफाची ही गोष्ट थोडी मागून सांगावी लागते. १९०६ सालीं इजिप्तवर वर्चस्व गाजविणारे इंग्रज आणि पॅलेस्टाईनचा धनी तुर्की सुलतान यांच्यांत तडजोड होऊन रफापासून अकाबाच्या आखातापर्यंत एक रेषा आंखली गेली. रेषा नकाशावर राहिली. शेतें, विहिरी आणि सोयरिकी दोहों बाजूंस पूर्ववत् चालू राहिल्या. १९४८ पासून १९६७ पर्यंत गाझाचा कारभार इजिप्तकडे होता. १९६७ च्या जूनमध्यें गाझा आणि सिनाय हे दोन्ही प्रदेश इस्रायलनें जिंकून घेतले. धनी बदलला, परंतु रेषेच्या अलीकडे-पलीकडे सत्ता बहुधा एकाचीच असल्यामुळें रफाच्या रहिवाशांस ती रेषा फारशी जाणवली नाहीं. शहर वाढलें तें तिच्या दोन्ही अंगांस. पुढें १९७९ च्या तहान्वयें सिनाय इजिप्तला परत द्यावयाचें ठरलें, आणि १९८२ च्या एप्रिलमध्यें तें दिलें गेलें तेव्हां ही नकाशावरची रेषा जमिनीवर उतरली. कांटेरी तारांचें कुंपण गल्ल्यांतून, फळबागांतून, घरांच्या परसांतून गेलें. एका भावाचें घर इजिप्तमध्यें आणि दुसऱ्याचें गाझांत, असा प्रकार झाला.

इजिप्तच्या बाजूस राहून गेलेल्या वस्त्यांत ‘कॅनडा छावणी’ म्हणून निर्वासितांची एक वस्ती होती. १९५६ नंतर सुमारें दहा वर्षें संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना या भागांत होती. तिच्यांतील कॅनडाच्या तुकडीचा तळ येथें असल्यामुळें हें नांव पडलें. याच सेनेंत भारतीय जवानहि अखेरपर्यंत होते, तिचे शेवटचे सेनापति इंदरजित रिखी हेहि भारतीयच, आणि १९६७ च्या युद्धाच्या माऱ्यांत सांपडून यांपैकीं कित्येक भारतीय जवान गाझांतच कामास आले. तर या कॅनडा छावणींतील सुमारें पांच हजार निर्वासितांना पुन्हां गाझांत आणण्याचें उभय सरकारांनीं मान्य केलें होतें. परंतु ते येऊं लागले १९८९ सालीं आणि शेवटचें कुटुंब आलें २००० सालीं. तोंवर आई कुंपणाच्या एका बाजूस आणि लेक दुसऱ्या बाजूस उभी राहून, मधल्या मोकळ्या पट्ट्यावरून ओरडून एकमेकींची खुशाली विचारीत. जन्माच्या आणि मरणाच्या वार्ताहि अशाच, शेंदोनशें लोकांच्या देखत, ओरडून कळवाव्या लागत. ज्या सरहद्दीवर पुढें सुरुंग उडाले ती ही सरहद्द. ती ओलांडणारांतील पुष्कळांच्या दृष्टीनें ते परमुलुखांत नव्हे, शेजारच्या आळींत जात होते.

दुसऱ्या पॅलेस्टिनी उठावाच्या काळांत इस्रायलनें तारांच्या जागीं पोलादी पत्र्यांची उंच भिंत उभारली. जमिनीखालच्या भुयारांतून शस्त्रें येतात असें कारण सांगून भिंतीलगतचीं रफांतील शेंकडों घरें जमीनदोस्त करण्यांत आलीं. २००५ सालीं इस्रायलनें आपलें सैन्य आणि वसाहती गाझांतून काढून घेतल्या, तेव्हांहि थोडे दिवस ही सरहद्द फुटली होती. मग त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत युरोपीय निरीक्षकांच्या देखरेखीखालीं रफाचा दरवाजा रीतसर उघडला आणि सात महिने तो बरा चालला. जून २००६ मध्यें एक इस्रायली सैनिक पळविला गेला; तेव्हांपासून दरवाजा उघडण्यापेक्षां मिटलेलाच अधिक. आणि जून २००७ मध्यें हमास या पक्षानें फतह या आपल्या प्रतिस्पर्ध्याच्या हातून गाझाची सत्ता बळानें हिसकावून घेतली, तेव्हां त्या दरवाजास कुलूपच लागलें.

इस्रायलच्या बाजूचीं नाकींहि आवळलीं गेलीं. गाझांतून स्देरोत व आसपासच्या गांवांवर अग्निबाण येऊन पडतात. ज्या भूमींतून ते सुटतात तिला आपण दाणापाणी कां पुरवावें, असा इस्रायलचा सवाल होता. स्देरोतच्या आईला आपलें मूल शाळेंत पाठवितांना काय वाटत असेल, हें समजण्यास फार मोठी कल्पनाशक्ति लागत नाहीं. तथापि अग्निबाण सोडणारे हात थोडे आणि जेवणारीं तोंडें पंधरा लाख होतीं, आणि नाकेबंदीला हातांतून तोंड निवडतां येत नाहीं. जून २००७ पूर्वीं दररोज चारशेंहून अधिक मालमोटारी गाझांत येत असत. त्यानंतर काय येऊं द्यावें आणि काय नाहीं, हें अधिकाऱ्यांच्या मर्जीवर राहिलें. सिमेंट बंद झालें. त्यामुळें अर्धीं उभीं राहिलेलीं घरें तशींच राहिलीं आणि गवंड्यांचे हात रिकामे झाले. कारखान्यांस कच्चा माल मिळेना, ते मिटले.

या काळांतील एक सरकारी कागद पुढें उजेडांत आला. तो फार बोलका आहे. ‘गिशा’ नांवाच्या एका इस्रायली संस्थेनेंच न्यायालयांत वर्षानुवर्षें झगडून २०१२ सालीं तो बाहेर काढविला. कागदावर तारीख १ जानेवारी २००८ ची, आणि त्याचें नांव ‘तांबड्या रेषा’. गाझांतील माणसाची उपासमार होऊं नये यासाठीं त्याच्या पोटांत किती अन्न जावें, याचा हिशोब त्यांत मांडलेला आहे. माणशीं दररोज २,२७९ उष्मांक. स्त्री, पुरुष, मूल यांची सरासरी काढून, गाझांत जें पिकतें तें वजा करून, अखेर आठवड्यांतून पांच दिवस दररोज १०६ मालमोटारी, असा आंकडा निघाला. हा केवळ अभ्यासाचा मसुदा होता, त्याप्रमाणें अंमल कधींच झाला नाहीं, असें अधिकाऱ्यांनीं सांगितलें. तसें असेलहि. पण महिन्याचा किराणा भरणाऱ्या कोणत्याहि गृहिणीनें हा हिशोब वाचावा. आपल्या घरांतील माणसें अशा रीतीनें मोजलेलीं तिला रुचणार नाहींत. आणि शिवाय तिला ठाऊक असतें कीं, घर चालतें तें केवळ उष्मांकांवर नव्हे. त्याला साबण लागतो, दिवा लागतो, आजाऱ्याला औषध लागतें, आणि मुलानें हट्ट धरला तर केव्हां तरी खाऊहि लागतो.

हा कागद तयार झाला त्याच महिन्यांत गाझांतील लोकांनीं आपला स्वतःचा हिशोब जगाला दाखविला.

जानेवारीच्या मध्यास इस्रायली सैन्याची गाझांत एक मोठी चढाई झाली, त्यामागोमाग अग्निबाणांचा मारा वाढला, आणि १८ तारखेच्या सुमारास उरलींसुरलीं नाकींहि बंद करण्यांत आलीं. २० तारखेस गाझांतील विजेचें एकुलतें एक केंद्र जळणाअभावीं थांबलें. शहर अंधारांत बुडालें. रुग्णालयांत जनित्रांवर काम रेटावें लागलें, आणि त्या जनित्रांसहि तेल हवेंच होतें. भट्ट्या मिटूं लागल्या, ज्या चालू होत्या त्यांच्यापुढें भाकरीसाठीं रांगा लागल्या. २२ तारखेस स्त्रियांचा एक मोर्चा रफाच्या दरवाजावर जाऊन थडकला. इजिप्तच्या पोलिसांनीं पाण्याचा मारा करून त्यांना मागें लोटलें. दुसऱ्या दिवशीं उजाडण्यापूर्वीं भिंतीच्या पायथ्याशीं स्फोटांमागून स्फोट झाले आणि ती पोलादी भिंत ठिकठिकाणीं आडवी झाली. महिनोन्महिने आधींपासून तिचीं मुळें हळूहळू कापून ठेवण्यांत आलीं होतीं, असें मागाहून सांगण्यांत आलें. ज्या शस्त्रधाऱ्यांनीं हें केलें त्यांच्या मनांत केवळ भुकेल्यांची कणव होती असें समजण्याचें कारण नाहीं. त्यांचीं राजकारणें त्यांच्यापाशीं. परंतु सकाळ झाली तेव्हां त्या पडलेल्या पत्र्यांवरून जें चालूं लागलें तें राजकारण नव्हतें.

प्रथम रफाचे लोक आले, मग खान युनिसचे, आणि दुपारपर्यंत गाझा शहरांतून गाड्याच्या गाड्या भरून माणसें येऊं लागलीं. मोटारी भिंतीपाशीं सोडून लोक पायीं पलीकडे जात. म्हाताऱ्यांना हात धरून नेत, लहानग्यांना खांद्यावर घेत. पहिल्या दोनचार दिवसांत किती माणसांनीं सरहद्द ओलांडली याचे अंदाज वेगवेगळे झाले, पण सारेच लाखांच्या घरांतले होते. गाझाचा निम्मा लोक पलीकडे जाऊन आला असावा, इथपर्यंत ते गेले. इजिप्तकडील रफांतला माल पाहतां पाहतां संपला. मग लोक पुढें शेख झुवैदला गेले, आणि तेथून पुढें, रफापासून चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवरच्या अल् अरीश या समुद्रकांठच्या शहरीं. टांगे, गाढवाच्या गाड्या, मालमोटारी, जें मिळेल तें वाहन भाड्यानें केलें. इस्रायली चलनांतील शेकेल अरीशच्या दुकानदारांनीं बिनतक्रार घेतले, आणि दरहि मनास येतील ते लावले. एकाच दिवशीं भाव दुपटी-तिपटीनें चढले अशी ओरड झाली. व्यापाऱ्याची जात सरहद्दीच्या दोन्ही बाजूंस एकच असावयाची.

आणि लोकांनीं काय घेतलें? येथेंच खरी मौज आहे, मौज हा शब्द येथें वापरणें थोडें कठोर वाटलें तरी. पीठ, साखर, तांदूळ, दूध, चीज हें तर घेतलेंच. औषधें घेतलीं. पेट्रोल आणि डिझेल डब्यांतून, पिंपांतून, हातीं लागेल त्या भांड्यांतून भरून नेलें. पण सर्वांत अधिक जें डोळ्यांत भरलें तें सिमेंट. तरुण पोरें सिमेंटचीं पोतीं पाठीवर घेऊन त्या मोडक्या पत्र्यांवरून तोल सांवरीत चाललेलीं, सारें अंग राखेसारखें पांढुरकें झालेलें. ज्यांना भाकरीची भ्रांत आहे असें जग समजत होतें, ते पाठीवर घर वाहून नेत होते. सहा-सात महिने अर्धवट राहिलेली एखादी खोली, एखादा जिना, एखादी गळकी टांकी त्या पोत्यांची वाट पाहत असावी. त्यांच्या जोडीला गाद्या, मेणबत्त्या, कपडे धुण्याची पूड, दूरचित्रवाणीचे संच, जनित्रें, आणि कोऱ्या करकरीत फटफट्या. सिगारेटींचे खोकेच्या खोके, कारण भुयारांतून येणारी सिगारेट गाझांत फार महाग पडे. मुलांसाठीं बटाट्याच्या वेफरचीं पुडकीं. २,२७९ उष्मांकांच्या त्या हिशोबांत यांतलें किती बसलें असतें, कोण जाणे.

मग जनावरें. बकऱ्या, मेंढ्या, गाई, उंट! भिंत जेथें पडली नव्हती तेथें माणसांनीं मेंढ्या हातोहात वरून पलीकडे दिल्या. उंटाला हातावर कसें घेणार? तेव्हां बंदरावर माल उतरवितात तशी एक यारी आणून, पोटाखालून दोर आवळून, उंटाला अधांतरीं उचलून भिंतीपलीकडे ठेवण्यांत आलें. पाय लोंबकळत असलेला तो आकाशांतला उंट, आणि खालीं तोंड वर करून पाहणारी गर्दी, असें तें छायाचित्र जगभर गेलें. लोक हंसले. परंतु ज्यानें तो उंट विकत घेतला तो कांहीं विनोद करीत नव्हता. बकरी म्हणजे दूध, मेंढी म्हणजे मांस. दरवाजा पुन्हां लागला तरी पुढील कांहीं महिने ज्यांच्यावर निभाव लागेल अशी ती जिवंत शिदोरी होती. दुकानांतील डबा एकदां उघडला कीं संपतो. हा बाजार फार दिवस टिकणार नाहीं, हें ग्राहक पुरतेपणीं ओळखून होते.

सगळेच कांहीं खरेदीस गेले नव्हते. कित्येकांनीं पिशवी बाजूस ठेवून प्रथम नातेवाइकांचीं घरें शोधलीं. वर्षांनंतर भेटलेल्या बहिणी रस्त्यांत मिठी मारून रडल्या. कोणी आजारी माणसाला अरीशच्या रुग्णालयांत नेलें. परदेशीं शिकणारे विद्यार्थी, ज्यांना जूनपासून बाहेर पडतां आलें नव्हतें, ते कैरोच्या रोखानें निघाले. पण सुवेझच्या कालव्याकडे जाणाऱ्या वाटेवर पोलिसांनीं त्यांना अडविलें. आणि कांहींजण केवळ पाहावयास गेले. जन्मापासून ज्यांनीं पट्टीबाहेर पाऊल टाकलें नव्हतें अशीं मुलें अरीशच्या वाळूवर जाऊन बसलीं. समुद्र तोच होता. तरी तो पाहण्यासाठीं तीं एवढ्या दूर आलीं.

इजिप्तच्या सरकारची स्थिति अवघड होती. तहाप्रमाणें सरहद्दीच्या त्या पट्ट्यांत त्याला मोठें सैन्य ठेवतां येत नव्हतें. २००५ सालीं इस्रायलशीं ठरवून ७५० सीमारक्षकांची तेवढी मुभा मिळाली होती. एवढ्याशा शिपायांनीं लाखोंच्या लोंढ्याला गोळी न घालतां थोपवावें कसें? शिवाय आदल्या दिवशींच स्त्रियांवर पाण्याचा मारा केल्याची चित्रें देशोदेशीं पोंचलीं होतीं, आणि कैरोंत निदर्शनें होत होतीं. अध्यक्ष होस्नी मुबारक यांनीं जाहीर केलें कीं, लोक भुकेनें आले आहेत, शस्त्र नसेल तर त्यांना येऊं द्या, खाऊं द्या, विकत घेऊं द्या, आणि मग परत जाऊं द्या. हें औदार्य कीं नाइलाज, याचा निवाडा करीत बसण्यांत अर्थ नाहीं. दोन्हींचें मिश्रण असावें. इस्रायलची चिंताहि अगदींच निराधार म्हणतां येत नाहीं, कारण त्या गर्दींतून कांहीं शस्त्रधारीहि सिनायमध्यें शिरले आणि त्यांतले कांहीं पकडले गेले.

दोन दिवसांनीं, २५ तारखेस, इजिप्तच्या शिपायांनीं ढालींच्या रांगा लावून आणि कांटेरी तार पसरून फट बुजविण्याचा प्रयत्न केला. गाझाच्या बाजूनें एक बुलडोझर आला आणि त्यानें शेजारींच नवी फट पाडली. तेव्हां सरकारनें दुसरा उपाय योजिला, आणि तो अधिक परिणामकारक ठरला. अरीशकडे येणाऱ्या मालमोटारी मागेंच अडविण्यांत आल्या. फळ्या रिकाम्या झाल्या, पेट्रोलचे पंप कोरडे पडले, अरीशच्या रहिवाशांसहि भाकरी मिळण्याची पंचाईत झाली. विकत घेण्यास कांहीं उरलेंच नाहीं, तेव्हां गर्दी आपोआप ओसरूं लागली. ३ फेब्रुवारीस हमासच्या शिपायांच्या संमतीनें इजिप्तनें शेवटची फट बंद केली. पलीकडे राहिलेल्यांस घरीं परतण्याची तेवढी मोकळीक ठेविली.

आणि ते परतले. या सगळ्या प्रकरणांत ही गोष्ट सर्वांत महत्त्वाची असून वर्तमानपत्रांनीं तिला सर्वांत कमी जागा दिली. भिंत पडली तेव्हां निरनिराळ्या राजधान्यांत एकच भीति बोलून दाखविली जात होती: हे लोक आतां सिनायमध्येंच ठाण मांडतील, तंबू ठोकतील, आणि गाझाचा प्रश्न इजिप्तच्या गळ्यांत पडेल. तसें कांहींहि झालें नाहीं. वाट मोकळी असतां, हातांत पैसे असतां, पाठीमागें अंधार आणि वेढा असतां, लाखों माणसें सिमेंटचीं पोतीं आणि बकऱ्या घेऊन त्याच वेढ्यांत आपल्या पायांनीं परत गेलीं. ज्याला पळून जावयाचें आहे तो पाठीवर सिमेंट घेत नाहीं.

पुढची हकीकत थोडक्यांत सांगण्यासारखी आहे. भिंत पुन्हां उभी राहिली. सरहद्द पुन्हां मोडणाराचे पाय मोडूं, असा दम इजिप्तच्या परराष्ट्रमंत्र्यांनीं फेब्रुवारींतच भरला. उघड्यावरचा बाजार मिटला तो जमिनीखालीं गेला: रफाच्या वाळूंत शेंकडों भुयारें खोदलीं गेलीं, आणि पुढील कांहीं वर्षें सिमेंट, डिझेल, बकऱ्या आणि फटफट्या त्यांतून येत राहिल्या. कित्येक तरुण त्या भुयारांत गाडलेहि गेले. २०१३ नंतर इजिप्तनें तीं भुयारें बुजविलीं. आणि २०१४ च्या ऑक्टोबरपासून, सिनायमधील दहशतवाद्यांचा बंदोबस्त म्हणून, सरहद्दीलगतचीं घरें पाडण्यास आरंभ केला. तो पट्टा वाढतां वाढतां इजिप्तकडील रफा हें शहर समूळ नाहींसें झालें. ज्या गल्लींत २००८ च्या त्या सकाळीं पहिलीं दुकानें उघडलीं तिचा मागमूस राहिला नाहीं.

दुसरें अर्धें शहर त्यानंतर दहा वर्षें उभें होतें. मे २०२४ मध्यें इस्रायली सैन्यानें रफाचा दरवाजा ताब्यांत घेतला, आणि पुढील वर्षभरांत त्या बाजूचींहि बहुतेक घरें पडलीं. त्यांत अरीशहून पाठीवर आणलेल्या सिमेंटच्या भिंतीहि होत्या.